आबांच्या शर्टातला फोटो
केळीच्या चिकाचा तुरट वास आला की मला फैजपूरचा तो फोटो स्टुडिओ आठवतो. लष्करी प्रबोधिनीच्या अर्जाची मुदत संपत आली होती आणि फोटो तेवढा काढायचा राहिला होता. पांढऱ्या शर्टाला कडक इस्त्री करून मी वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, मोटारसायकलवर मागे बसले. वाटेत आमच्याच बागेतल्या केळीची गाडी भरणं चाललं होतं, म्हणून आबा जरा थांबले. तेवढ्यात एका मजुराच्या खांद्यावरून घड घसरला आणि विचार करायच्या आत मी धावत जाऊन त्याच्याखाली खांदा घातला. केळीच्या गावात ही सवय अंगातच असते. चीक माझ्या कॉलरवर ओघळला. शर्ट फाटेल, पण तो काळा डाग काही जात नाही. मी रडकुंडीला आले, तर आबा म्हणाले, "रडते काहून व माय, घड तं वाचला ना?" स्टुडिओत त्यांनी अंगातला शर्ट काढून मला दिला आणि स्वतः बाहेर भर बाजारात बनियनवर बाकड्यावर बसून राहिले. त्यांच्याही शर्टाच्या खिशाजवळ जुना डाग होताच, पण तो फोटोच्या चौकटीखाली लपला. काल इथे प्रबोधिनीत, मेससमोर केळी उतरवताना एक घड निसटला आणि मी गणवेशातच खांदा घातला. डागाबद्दल शिक्षाही झाली. फोनवर आबांना सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "अन घड?"