बाजेच्या उंचीची फियाट

देवमन मिस्त्री स्वतःची चूक कबूल करील त्या दिवशी गाढवाला शिंगं फुटतील, असं मी मालेगावात कुणालाही सांगतो. वाशीम रोडला त्याचं गॅरेज आणि माझं सीट कव्हरचं दुकान एकाच भिंतीला टेकून आहे. त्यामुळे त्याची बडबड मला दिवसभर फुकटात ऐकायला मिळते. ट्रॅक्टर, ट्रॉली, जीप, येईल ते तो दुरुस्त करतो. जीव मात्र स्वतःच्या जुन्या फियाटवर. किन्हीराजा गावाकडच्या शेतरस्त्याला खालून घासते म्हणून त्यानंच कधीकाळी तिच्या पुढच्या स्प्रिंगांवर जाड रबरी गुटके बसवले होते. तेव्हापासून ती नाक वर करून उभी असायची, अगदी मालकासारखी.

त्याची बायको लिलाबाई, म्हणजे आमच्या वहिनी, लकव्यातून वाचल्या. काठी धरून चालतात, पण डावा पाय उचलत नाही. या उंच गाडीत बसायचं तर दोघांनी उचलावं लागे. एकदा तसं बसवलं, तर बाई भर रस्त्यात रडल्या.

"मी काय सोयाबीनचं पोतं आहो? असं उचलून न्यायचं असन तं मी कुठंच येत नाही!"

आणि खरंच बाहेर पडणं सोडलं. धाकटी बहीण रत्नमाला जऊळक्याला राहते. तिचं नवं घर झालं, तिथंही गेल्या नाहीत. देवमनला हे फार लागलं होतं. बोलून दाखवेल तर शपथ!

शेवटी त्यानं गाडी पुढून खाली घ्यायची ठरवली. पण किती? उंच राहिली तर वहिनींना बसता येणार नाही, फार खाली गेली तर उठता येणार नाही. घरातल्या बाजेवरून मात्र त्या कुणाचा हात न धरता उठतात. म्हणून देवमननं बाजेची उंची सुतळीनं मोजली आणि तिथं गाठ मारली. गाडीची पुढची सीट जमिनीपासून तेवढीच यायला हवी होती. मी त्याला हसलो, पण मनातून पटलं.

गाडी जॅकवर चढवून त्यानं गुटके काढले, स्प्रिंगांजवळच्या सांध्यांतले झिजलेले बुश, म्हणजे रबरी कडी, बदलले, सगळे नट जोर लावून आवळले आणि गाडी खाली सोडली. नाक अजून वरच! सीट गाठीच्या चांगली चार बोटं वर.

"आता स्प्रिंगच कापतो," म्हणत त्यानं ग्राइंडर उचललं. कापलेली स्प्रिंग जोडता येत नाही, आणि या गाडीला नवी आणायची कुठून?

"देवमन, थांब ना लेका!" मी ओरडलो.

"हरीओम, तू तुह्या सीटा शिव!"

तेवढ्यात गॅरेजमागच्या आपल्या घराच्या दारात खुर्चीवर बसलेल्या वहिनी ओरडल्या, "कायले कापता? पयले आवळलेलं ढिलं करा! मले उचलता तवा माहा पाय लाकडावानी ताठ होते. जमिनीले टेकला का मंग ढिला पडते. या गाडीचे पाय तं तुमी लटकते असतानीच आवळले!"

देवमननं ग्राइंडर खाली ठेवलं. जन्मभर ट्रॉलीच्या लोखंडी पाट्यांच्या कमानी आवळणारा हात. तिथं जॅकवर आवळा नाहीतर जमिनीवर, फरक पडत नाही. इथं मात्र रबर होतं. चाकं लटकत असताना आवळल्यामुळे ते तसंच धरून बसलं होतं आणि गाडीला खाली बसू देत नव्हतं.

तो गाडीखालच्या खड्ड्यात उतरला. नट ढिले केले, मी वरून गाडी हलवली, आणि करकरत नाक खाली आलं. माणसं बसल्यावर ती किती दबते हे बघायला मी स्टेअरिंगवर बसलो, शेजारी वहिनींच्या वजनाचं पोतं ठेवलं. आता सीट गाठीच्या दोन बोटं खाली! मग पुन्हा स्प्रिंगा उतरवून त्यानं पातळ गुटके घातले. गाठ बरोबर जुळल्यावर, चाकं जमिनीवर असतानाच नट आवळले. मला एकदम हलकं वाटलं.

"मले सुचनारच होतं हे," देवमन म्हणाला. गाढवं बिनशिंगांचीच राहिली.

रविवारी आम्ही जऊळक्याला निघालो. वहिनी आपल्या आपण सीटवर टेकल्या, हातानं पाय आत ओढून घेतला. पण बसणं सोपं. खरी परीक्षा उतरण्याची. रत्नमालाच्या दारात गाडी थांबली तशा दोन बाया धरायला धावल्या.

"सरा बाजूले," वहिनी म्हणाल्या.

देवमन स्टेअरिंग घट्ट धरून समोर बघत राहिला. बायकोकडे बघायची त्याची छाती होईना. काठी टेकल्याचा आवाज आला, सीट कुरकुरली, मग काहीच नाही. मीही मागच्या सीटवर आपल्या गुडघ्यांकडे बघत बसलो होतो.

मग त्याच्या बाजूच्या काचेवर टकटक झाली. गाडीला वळसा घालून आलेल्या वहिनी बाहेर उभ्या होत्या.

"उतरता, का तुमाले उचलून नेऊ?"

देवमन हसायला गेला आणि ढसाढसा रडला.