धुक्यातलं गिरमिट

ते इंजिन सुरू छान व्हायचं. दोरी ओढली की दुसऱ्या-तिसऱ्या झटक्याला धडधडायचं, रेस दिली की अख्खं गॅरेज दणाणून सोडायचं. रेस सोडली की मात्र घुसमटायचं, दोन उचक्या द्यायचं आणि मरायचं. कुणी गळा दाबावा तसं मरतं, असं माझ्या सासूबाई म्हणाल्या, आणि त्या म्हणाल्यापासून मलाही ते तसंच ऐकू यायला लागलं.

इंजिन होतं गिरमिटाचं. इथे मिनेसोटात तळी गोठतात, आणि त्या बर्फाला भोक पाडून लोक खालचे मासे धरतात. त्यासाठी छातीपर्यंत येणारं नागमोडी पातं, वर पेट्रोलचं छोटं इंजिन आणि धरायला दोन मुठी. नवऱ्याने ते हौसेने कुणाकडून तरी जुनं आणलं, दोनदा वापरलं आणि कोपऱ्यात उभं केलं. त्याच्या सगळ्या हौशी शेवटी माझ्या गळ्यात पडतात, तसं हेही पडलं.

आणि पडलं ते सासूबाईंमुळे. त्या सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या, कोकणातल्या, आयुष्यभर फडफडीत मासा खाल्लेल्या. दुकानातल्या फ्रोझन माशाला त्या सरळ 'प्रेत' म्हणायच्या. "तळ्यात आहेत ना मासे? मग आणू की," असं एकदा त्या सहज बोलल्या आणि मी कामाला लागले. नवरा ऑफिसच्या कामासाठी सांता क्लाराला होता. फोनवर म्हणाला, "यार, सोड ना ते. नवीन बॅटरीवालं ऑर्डर करू." मी हट्टी आहे. दिवसभर लोकांचं बिघडलेलं सॉफ्टवेअर दुरुस्त करणाऱ्या बाईला एक चिमुकलं इंजिन दाद देत नाही, हे मला झोंबलं.

आठवडाभर संध्याकाळी मी त्याच्या मागे लागले. गेल्या वर्षीचं शिळं पेट्रोल काढून ताजं भरलं. प्लग बदलला. कार्बोरेटर उघडून त्याची बारीक छिद्रं फवारा मारून साफ केली. रेस नसताना इंजिन किती वेगाने चालावं हे ठरवणारा एक स्क्रू असतो, तो थोडा आवळला की पातं आपोआप फिरायला लागायचं, थोडा सैल केला की पुन्हा उचकी आणि शांतता. सासूबाई शाल पांघरून घडीच्या खुर्चीवर बसायच्या आणि ऐकायच्या. "तुझा हात सुटला की ते जगत नाही," म्हणायच्या. शेवटी एका संध्याकाळी ते चाललं. हात सोडला तरी टुकटुक करत चालत राहिलं. मला इतका आनंद झाला की मी त्यांना मिठी मारली, जे आमच्यात सहसा घडत नाही.

शनिवारी दुपारी आम्ही तळ्यावर गेलो. थंडी जरा उतरली होती, आभाळ खाली आलं होतं, आणि आमच्याशिवाय तिथे चिटपाखरू नव्हतं. वाऱ्याने बर्फावरचं भुसभुशीत हिम उडवून नेलेलं, पावलं उमटत नव्हती. मध्येच पायाखालून लांबलचक कण्हल्यासारखा आवाज जायचा. बर्फ ताणला की असा आवाज होतो, घाबरायचं नाही, हे मी सासूबाईंना सांगितलं, आणि सांगताना स्वतःच घाबरले होते. किनाऱ्यावर पाटी होती: पश्चिमेला ओढा तळ्याला मिळतो, तिथे बर्फ पातळ आहे, जाऊ नका. तीही मी त्यांना वाचून दाखवली.

गिरमिट सुरू झालं, भोक पडलं, मी रेस सोडली. दोन उचक्या, आणि मेलं.

मी वैतागून इंजिनावर ओणवी झाले. सासूबाई म्हणाल्या, "तुझं चालू दे, मी जरा पाय मोकळे करते." मी मान वर न करता "हं" म्हटलं. प्लग काढला, पुसला, परत बसवला. मान वर केली तेव्हा किनारा नव्हता. झाडं नव्हती, गाडी नव्हती. धुकं केव्हा आलं ते मला कळलंच नाही. माझ्याभोवती एखाद्या खोलीएवढी जागा उरली होती, तिच्या पलीकडे नुसतं पांढरं. सासूबाई त्या पांढऱ्यात कुठेतरी होत्या आणि त्यांचा फोन गाडीत होता.

"आई!" मी ओरडले. "आई, इकडे या!" आवाज दोन हातांवर जाऊन विरत होता. मी पुन्हा पुन्हा ओरडले. ओ आली नाही. खालून बर्फ तेवढा कण्हला.

मदतीच्या नंबरवर फोन केला. पलीकडच्या बाईने शांतपणे सगळं विचारून घेतलं आणि सांगितलं, माणसं निघाली आहेत, तुम्ही जागा सोडू नका, सासूबाईंना शोधायला जाऊ नका, आवाज करत राहा. आवाज! माझा घसा बसला होता. आवाज करणारी वस्तू माझ्यासमोर उभी होती.

मी दोरी ओढली. इंजिन धडधडलं. मी रेस दिली, पातं भोकात गरगरलं, खालचं काळं पाणी उसळून माझ्या बुटांवर आलं. सतत पूर्ण रेस दिली तर ते तापून अडकेल, म्हणून हात सैल केला की उचकी. उचकी आली की पुन्हा रेस. कधी मी वेळेवर पोचायचे, कधी नाही. ते मरायचं तेव्हा जी शांतता पडायची, ती मला अजून कानात जाणवते. त्या शांततेत मी हाक मारली नाही. मारायला घशात आवाज नव्हता, आणि खरं सांगायचं तर, पुन्हा ओ आली नाही तर काय, या विचाराने माझी हिंमतच होत नव्हती. मी फक्त दोरी ओढायचे. ते नीट चालत असतं तर मी ते तिथेच चालू ठेवून, त्याचा आवाज पाठीशी धरून चार पावलं तरी शोधायला गेले असते. पण हात सोडायची सोय नव्हती. मी त्या मुठींना बांधल्यासारखी उभी होते आणि रडत होते. नवऱ्याला काय सांगू, हा एकच प्रश्न डोक्यात घुमत होता.

मग धुक्याचा एक भाग जरा काळा झाला. काळ्याचा कोट झाला, कोटावर शाल आली, आणि सासूबाई ताठ चालत माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी आधी माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं. मग माझ्या गालाला हात लावला आणि म्हणाल्या, "बंद कर आता ते."

मदतीची माणसं थोड्या वेळाने आली. त्यांनी आम्हाला दोर धरून किनाऱ्याला नेलं, सासूबाईंना ब्लँकेट दिलं. दुसरं कुणी तळ्यावर आहे का, हेही त्यांनी भोंगे वाजवत फिरून पाहिलं. कुणी नव्हतं.

गाडीत हीटर लावला आणि मला राग आला. माझी भीती ओसरली की तिथे राग येऊन बसतो.

"आई, मी किती हाका मारल्या! ओ द्यायला काय झालं होतं?"

"दिली होती. तुला नसेल ऐकू आली. पहिल्या हाकांना मी परत फिरले, तेवढ्यात ते मशीन सुरू झालं." त्या हात चोळत होत्या. "मग तू तिकडून हाका मारायला लागलीस." त्यांनी ओढ्याच्या बाजूला बोट दाखवलं.

"मशीन सुरू झाल्यावर मी एकही हाक मारली नाही."

"ते मला तिथे काय ठाऊक! आवाज तुझाच होता. 'आई, इकडे या,' अगदी तुझ्यासारखं, शेवटी जरा चढवून. मला वाटलं, मशीन तिथेच टाकून तू मला शोधत निघालीस. चालले होते मी तुझ्याकडे."

"मग?"

"मग तू मला नावाने हाक मारलीस."

मी कधी त्यांचं नाव घेतलेलं नाही. कुठली सून घेते? तसं मी म्हणालेही.

"हे नाव नव्हे," त्या म्हणाल्या. "माहेरचं. लग्नात बदललं ते. तुझ्या नवऱ्यालासुद्धा माहीत नाही. त्या नावाने हाक मारणारी सगळी माणसं गेली आता." त्यांनी शाल आवळून घेतली. "तेव्हा माझे पाय थांबले. म्हटलं, ते मशीन हात सोडला की मरतं. खोकत का होईना, चालू आहे, म्हणजे हिचा हात त्याच्यावर आहे. ही इकडे आहे. तिकडे जे आहे ते ही नव्हे. मग मी त्या खोकण्याकडे चालत सुटले. ते बंद पडलं की उभी राहायची. आणि बंद पडलं की तिकडून हाक यायची."

मी गाडी घराकडे वळवली.

इंजिनातला दोष मला नंतर सापडला. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबराला केसाएवढी चीर होती. गॅरेजच्या उबेत ती जवळजवळ मिटायची, थंडीत पूर्ण उघडायची आणि नको तिथून हवा ओढायची. नवीन रबर टाकलं. आता ते उत्तम चालतं, हात सोडला तरी. नवऱ्याने ते विकून टाकलं तर मला बरं वाटेल.

सासूबाई त्यानंतर वसंतापर्यंत आमच्याकडे होत्या. आमचं चांगलं चाललं होतं, पूर्वीपेक्षा चांगलं. फक्त मी स्वयंपाकघरातून "आई, इकडे या" म्हणून हाक मारली की त्या ओ द्यायच्या नाहीत. सावकाश उठून यायच्या, दारात उभ्या राहून माझा चेहरा नीट पाहून घ्यायच्या, आणि मगच म्हणायच्या, "हं, बोल."