तीन मिनिटं चाळीस सेकंद

सुजाताचा फोन आला तेव्हा मी वर्ध्याच्या घरी पेपर वाचत होतो. “सर, बाबा गेले,” एवढंच ती म्हणाली. हिंगणघाटला पोचेपर्यंत बसमध्ये माझ्या डोक्यात दुसरंच काही चाललं होतं. आपल्याला नामदेवभाऊंना एक गोष्ट सांगायची होती आणि ती राहिली... माणूस गेल्यावरही आपण आपलाच विचार करतो, याची तेव्हा लाज वाटली.

नामदेवभाऊ थूल हिंगणघाटच्या एका गिरणीत फिटर होते, मी तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायचो. नव्वदच्या दशकात एका दुपारी ते मधल्या सुट्टीत शाळेत आले. रुमालात गुंडाळलेलं एक घड्याळ त्यांनी टेबलावर ठेवलं. काळी तबकडी, तिच्यात आणखी तीन छोट्या तबकड्या, कडेला चावीच्या वर-खाली दोन बटनं. गिरणीत यंत्रं बसवायला पूर्वी एक परदेशी इंजिनिअर आला होता. तो तापानं पडला तेव्हा पंधरा दिवस त्याला खिचडी नेऊन देणारे नामदेवभाऊच. जाताना त्यानं मनगटावरचं घड्याळ काढून त्यांच्या हातात दिलं आणि मॅनेजरांकरवी सांगितलं, याच जातीचं घड्याळ घालून माणूस चंद्रावर गेला आहे. गिरणीतले लोक इतके हसले, की भाऊंनी तो विषयच बंद केला. मला मात्र ते एकच विचारायला आले होते. हात हलला की आपोआप चावी बसणारी घड्याळं असताना चंद्रावर हातानं चावी द्यायचं घड्याळ का नेलं?

मी मास्तर, उत्तर तयारच. तिकडे जाताना वस्तूंना वजन जाणवत नाही, मग आपोआप चावी देणारी घड्याळातली चकती फिरणार कशी, असं मी ठोकून दिलं. भाऊंनी मनगट हलवून पाहिलं.

“वजन नसन सर, पन हात तं हालते ना? मंग चकती काऊन नाई फिरन?”

पुढे एका मासिकात वाचलं, की भाऊंचंच बरोबर होतं. हे मी त्यांना सांगायला चार महिने लावले. चूक कबूल करायला मला वेळ लागतो, आमच्या घरातही सगळ्यांना ठाऊक आहे.

त्या घड्याळानं ते काय काय मोजायचे! कापसाची गाठ दाबायला लागणारा वेळ, बैलगाडीला वेणा नदीचा पूल ओलांडायला लागणारा वेळ, आमच्या मुख्याध्यापकांचं आभारप्रदर्शन. वरचं बटन दाबलं की मोठा काटा पळायचा, पुन्हा दाबलं की थांबायचा. मोजताना मध्येच कोणी आलं तर भाऊ काटा थांबवायचे आणि तो माणूस गेला की तिथूनच पुढे सुरू करायचे. मोजून झालं की खालचं बटन दाबून काटा शून्यावर आणल्याशिवाय घड्याळ ठेवायचे नाहीत. मोजून काय करणार, असं मी विचारलं की म्हणायचे, “काई नाई सर, मालूम असलं पायजे.”

ते निवृत्त होणार होते त्या वर्षी मला उत्साहाचं भरतं आलं. मुलांना दाखवतो म्हणून मी घड्याळ मागून घेतलं आणि बाजारातल्या घडीसाजाकडे दिलं. तबकडीचा काळा रंग तपकिरी पडला होता, काट्यांवरचं रेडियम उडालं होतं. त्यानं तबकडी नवी रंगवली, काटे बदलले, बाहेरून पॉलिश मारलं. आमच्याकडे लग्नाआधी घराला रंग देतात तशातली ती हौस. निरोपसमारंभात मी ते सर्वांसमोर भाऊंच्या हातात ठेवलं. त्यांनी ते बराच वेळ उलटसुलट करून पाहिलं आणि “छान केलं सर,” म्हणाले.

चारेक वर्षांनी नागपूरचा एक संग्राहक त्यांच्याकडे आला. मीही तिथेच बसलो होतो. भाऊंना विकायचं नव्हतं. चंद्रावर गेलेल्या जातीचं हे खरंच आहे का, एवढंच जाणकाराच्या तोंडून ऐकायचं होतं. तीस वर्षं त्यांनी त्यासाठी वाट पाहिली होती. त्यानं भिंग लावलं आणि लगेच खाली ठेवलं. तबकडी आणि काटे मूळ असते तर छातीठोकपणे सांगितलं असतं, आता काही बोलण्यात अर्थ नाही, म्हणाला. कोणत्या अडाण्यानं हे केलं, असंही त्यानं विचारलं.

“मीच केलं. जुनं दिसे, म्हनून रंगवून घेतलं,” नामदेवभाऊ म्हणाले.

मी तोंड उघडलं नाही. त्या दिवशीही नाही, नंतरही नाही. भाऊंनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही, आणि त्यामुळेच मला त्यांच्याकडे जाणं जड जाऊ लागलं.

ते जाण्याच्या तीन आठवडे आधी मी ठरवूनच गेलो. ते ओसरीत खाटेवर होते, घड्याळ हातात. सुजाता चहा करायला आत गेली. “भाऊ, एक सांगायचं होतं,” असं मी म्हणालो. “बोला सर.” मी अंगणातल्या शेवग्याकडे पाहत राहिलो... मग विचारलं, यंदा कापूस कसा आहे? ते हसले आणि कापसाबद्दल बोलत राहिले.

दहाव्या दिवशी सुजातानं घड्याळ माझ्या हातात ठेवलं. ते बंद पडलं होतं, पण मोजायचे काटे शून्यावर नव्हते. तीन मिनिटं चाळीस सेकंद. भाऊंनी असं कधीच ठेवलं नसतं. मी तिच्याकडे पाहिलं.

“तुमी गेले अन् बाबा हासून राह्यले होते. म्हने, सर सांगाले आलते, मी काटा सुरू केला, पन ते अटकले. खालचं बटन नोको दाबू, सर येतीन तवा इथूनच पुढं मोजू. मंग म्हने, घड्याळ सरांलेच देजो.”

घरी आणल्यापासून मी रोज सकाळी घड्याळाला चावी देतो. दोन्ही बटनांना हात लावत नव्हतो. आज हा लेख लिहायला बसलो तेव्हा दार लावून घेतलं, वरचं बटन दाबलं आणि रिकाम्या खोलीत मोठ्यानं म्हणालो, “भाऊ, घड्याळ मी बिघडवलं. चुकलं माझं.” पुन्हा बटन दाबलं.

काटा चव्वेचाळीसवर थांबला होता. चार सेकंदांचं काम होतं.