ऐन भरतीला घेतलेलं पाणी

"ही सही तुझीच ना?"

पालघरच्या सरकारी कार्यालयात, भरलेल्या सुनावणीत, साहेबांनी कागद वर धरला आणि मला विचारलं. माझ्यामागे आमच्या गावची दहा-पंधरा माणसं उभी होती. खुर्च्या होत्या, पण त्यांवर बसा असं आम्हाला कोणी म्हटलं नव्हतं. आई भिंतीला टेकून उभी होती.

मी म्हटलं, "हो, माझीच."

"मोठ्याने सांग. तुझ्या लोकांना ऐकू दे."

मी मोठ्याने सांगितलं. मग साहेब गावाकडे वळले. खाडीचं पाणी ठीक आहे असा अहवाल आहे, म्हणाले. नमुना घेताना तुमचीच मुलगी पंच म्हणून हजर होती, बी.एस्सी. केमिस्ट्री. मग तक्रार कशाची? शेजारी बसलेले दोघे हसले. साहेब पुन्हा माझ्याकडे बघून सावकाश म्हणाले, "सरकारच्या स्कॉलरशिपवर शिकलीस. आता सरकारलाच शिकवतेस?"

मी मान खाली घातली. तक्रार निकाली निघाली.

आमचं गाव बोईसरच्या पश्चिमेला, खाडीवर. आई खाडीच्या चिखलात हात घालून निवट्या, म्हणजे चिखलातले मासे, आणि चिंबोऱ्या पकडायची. त्यावरच आमचं घर चाललं. कारखान्यांच्या बाजूने येणारा नाला त्याच खाडीला मिळतो. पाणी ओसरलं की नाल्याचं काळं पाणी चिखलावर पसरतं. आईच्या बोटांची सालं निघायला लागली. चिंबोऱ्या कमी झाल्या, मग दिसेनाशा झाल्या. ती तक्रार मीच लिहिली होती. गावात दुसरं कोण लिहिणार?

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. शाळेत असताना कोणी अधिकारी आले की आभाराचं भाषण शिक्षक मला करायला द्यायचे. हात जोडून, न अडखळता. त्यांनी आपला अमूल्य वेळ दिला, वगैरे. ते भाषण मला अजून पाठ आहे. आणि मी ते मनापासून करायचे, हे खोटं नाही. वह्या मिळाल्या, फी माफ झाली, कॉलेज झालं. जीपमधून उतरणारा प्रत्येक माणूस मला आमच्या भल्यासाठीच आलेला वाटायचा.

तसेच हे साहेब आले. पौर्णिमेचा दिवस, दुपारचे बारा. बर्फाचा डबा, बाटल्या, छापील पंचनामा. पंच म्हणून सही करायला कोणी शिकलेलं आहे का, असं त्यांनी विचारलं. सगळ्यांनी मला पुढे केलं.

"या मॅडम," ते म्हणाले.

मला तोपर्यंत कोणी मॅडम म्हटलं नव्हतं. बोईसरच्या क्लासमध्ये मी दहावीच्या मुलांना शिकवते, ती ताई म्हणतात. मी पुढे झाले. बाटली आधी त्याच पाण्याने विसळली का, सील नीट बसलं का, चिठ्ठीवर जागा आणि वेळ लिहिली का, सगळं बघितलं. कॉलेजात शिकवलेलं सगळं बरोबर चाललं होतं. मला अभिमान वाटत होता.

काठावरून आई म्हणाली, "अगो, पाणी भरलंय. आता काय घेता? सुकती लागू दे, मग दिसल काय ता."

सुकती म्हणजे ओहोटी. आमच्याकडे लहान पोरालाही हे कळतं. पुनवेला दुपारी उधाणाची भरती. सगळा समुद्र खाडीत आलेला असतो. नाल्याचं पाणी त्यात कुठे शोधणार? मलाही ते माहीत होतं. चालायला लागल्यापासून माहीत होतं. पण छापील कागदावर वेळेचा रकाना होता, भरती-ओहोटीचा नव्हता. आणि साहेब घड्याळ बघत होते.

मी आईला म्हटलं, "तू गप्प बस. तुला काय कळतं त्यातलं?"

आई गप्प बसली. मी सही केली. खाली शिक्षण लिहिलं. मग साहेबांचे आभारही मानले.

सुनावणीहून आम्ही टेम्पोने परतलो. वाटेत शेजारचे हरीकाका म्हणाले, "काय गो केमिस्ट्री, पाणी पास झाला ना? मंग ने आता बाटलीत भरून." कोणी हसलं नाही. आई बाहेर बघत होती.

साहेबांच्या बोलण्याने मला लाज वाटली होती. पण त्या टेम्पोत मला कळलं की असंच बोलणं मी आधी आईला ऐकवलं होतं. साहेबांच्या वतीने. त्यांनी सांगितलंही नसताना.

काही महिन्यांनी नेहमीच्या तपासणीसाठी तीच जीप पुन्हा आली. पुन्हा पाणी काठोकाठ. साहेबांनी पंचनामा पुढे केला. मी लिहिलं: नमुना ऐन भरतीला घेतला. ओहोटीला घ्या असे सांगितले, घेतला नाही. त्याखाली सही केली.

"असा कागद चालत नाही."

"मग माझी सही पण नाय मिळणार," मी म्हटलं. पहिल्यांदाच साहेबांसमोर घरची बोली तोंडात आली.

त्यांनी कागद फाडला. दुसऱ्या कागदावर जीपच्या ड्रायव्हरची सही घेतली. जीप गेली.

मी माहितीच्या अधिकारात जुने पंचनामे मागवले. ओटीवर बसून तारीख-वेळ वाचत गेले. कॅलेंडरवर तिथी बघून सांगितली की आई बोलायची. चतुर्थी, दुपारी तीन. "भरती." अमावास्या, बारा. "उधाण." मिळाले तेवढे सगळे कागद तसेच. कधी चुकून ओहोटी सापडली नाही. तिने एकदाही कागदाकडे बघितलं नाही, आणि मला एकदाही म्हटलं नाही की मी तेव्हाच सांगत होते.

ते सगळं लावून मी वरच्या कार्यालयात तक्रार केली. पाण्याची नाही, साहेबांची. उत्तर आलं: आपला अर्ज उचित कार्यवाहीसाठी संबंधित अधिकाऱ्यांकडे पाठवला आहे. खाली, ज्यांच्याकडे पाठवला त्यांच्या जागी, त्याच साहेबांचं पद होतं.

आई आता बोईसरला एका कारखान्यात खोकी भरते. घरातलं चिंबोऱ्यांचं टोपलं शेजारणीने कोंबड्यांवर झाकायला नेलं. खाडी परत येईल असं मला वाटत नाही. साहेबांना कोणी जाब विचारील असंही वाटत नाही. बदली होईल, बढती होईल. नवे येतील, तेही मॅडम म्हणतील.

मी अर्ज करतच राहणार आहे. प्रत्येक अर्जात एकच प्रश्न: नमुन्याची वेळ कोणी ठरवली, त्याचं नाव सांगा. सोबत सगळे पंचनामे जोडते. सर्वांत वर माझा. शिक्षणासकट, सहीसकट. ती सही मी नाकारणार नाही. आणि तिच्या शेजारची साहेबांची सही त्यांना नाकारू देणार नाही.