लाइट गेली की

आमच्या मुलीच्या हृदयाच्या दोन बाजू एका वेळी आकसत नव्हत्या. मुंबईच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून हे समजावलं, तेव्हा मी, कुंभार पिंपळगावचा कापूस पिकवणारा माणूस, पटकन बोलून गेलो, "म्हंजी जोडीतला एक बैल मागं राह्यलाय."

डॉक्टर हसले. "अगदी तसंच. दोघांना एकदम हाक देणारं मशीन बसवू."

पोर नऊ वर्षांची. शाळेत जाताना वाटेत धापा टाकत खाली बसायची. औषधांनी हात टेकले होते आणि असंच चाललं तर ती फार दिवस काढणार नाही, हे आम्हाला स्पष्ट सांगितलं होतं.

काडेपेटीहून जरासं मोठं मशीन कातडीखाली बसलं, त्याच्या तारा हृदयापर्यंत गेल्या. आम्ही गावी आलो आणि गल्लीनं परस्पर ठरवून टाकलं, की लाइट गेली की मशीन बंद पडणार. आत बॅटरी आहे, वर्षानुवर्षं चालते, असं मी घसा फोडून सांगितलं. पण निम्मा दिवस लाइट नसलेल्या गावाचा त्यावर विश्वास कसा बसावा? लाइट गेली रे गेली, की शेजारची काकू दारातून ओरडायची, "पोरगी चालू हाय न्हवं?"

बायको तव्यावरची भाकरी टाकून धावायची, पोरीच्या छातीला कान लावायची. भाकरी करपायची. मी तिच्यावर खेकसायचो. ती चुलीकडे वळली, की हळूच मीही कान लावायचो. आत ठोके बिनचूक पडत असायचे. अंगावर काटा यायचा. माझ्या लेकराला कधी न पाहिलेल्या कुणीतरी हे एवढंसं यंत्र घडवलं होतं. हात जोडावेसे वाटायचे, पण कुणाला जोडू?

कापूस वेचणीच्या दिवसांत एका दुपारी लाइट गेली. पिठाची चक्की थांबली. बायको आत धावली, तर खाट रिकामी. आम्ही दोघंही बाहेर पळालो.

पोरगी गल्लीत पोरांच्या मागं धावत होती. तिला धावताना मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. माझे पाय जागीच राहिले. बायकोनं मात्र तिला गाठलं, तिथंच मातीत गुडघे टेकले आणि छातीला कान लावला.

पोर हात सोडवत ओरडली, "सोड ना माय, माझ्यावर राज्य हाय!"