मावशींचा सुईचा वार

मावशी कधी चमच्याने चव घेत नसत. दोनशे माणसांच्या मटणाच्या टोपातून डावभर रस्सा काढायच्या, त्यातले दोन थेंब डाव्या तळहातावर पाडायच्या आणि जिभेचं टोक लावून डोळे मिटायच्या. तेवढा वेळ मांडवामागे कोणी बोलायचं नाही. डोळे उघडले की निकाल: "मूठभर मीठ," किंवा "अजून दोन उकळ्या," किंवा नुसतंच "झाक." पनवेलपासून उरणपर्यंत कितीतरी आगरी घरांतल्या हळदीचं जेवण त्यांच्या हातचं. त्यामुळे सगळे त्यांना हळदीवाल्या मावशी म्हणत. नवरीला हळद लावायला त्या क्वचितच पोचायच्या, तेव्हा त्या चुलीपाशी असायच्या.

पनवेलला आमच्या इमारतीत त्या तळमजल्यावर, मी दुसऱ्या मजल्यावर. एका सकाळी धापा टाकत वर आल्या. हातात बर्फाची पिशवी.

"बाय, तुज्या फ्रिजात जागा हाय?"

वजन एकशे चार किलो, रक्तात साखर, गुडघ्यांची रोजची कुरकुर. डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा टोचायचं वजन कमी करायचं इंजेक्शन सुरू केलं होतं. ते थंड ठेवायचं होतं आणि मावशींच्या फ्रिजात बोंबील, कोलंबी आणि वाटणाचे डबे यांच्यामध्ये बोटही शिरत नव्हतं.

"सुईला मासळीचा वास लागंल. तुज्याकडं काय, दही न् कोथिंबीर," त्या म्हणाल्या. सासूबाईंना मी पाच वर्षं इन्सुलिन टोचलं होतं, हेही त्यांना ठाऊक होतं. म्हणजे जागाही माझी आणि हातही माझा.

डॉक्टरांनी एकच गोष्ट त्यांच्यावर सोपवली होती: वार कोणता ते तुम्ही ठरवा, फक्त दर आठवड्याला तोच ठेवा. मावशी कॅलेंडर घेऊन माझ्या स्वयंपाकघरात बसल्या. सोमवार महादेवाचा, उपासाच्या दिवशी अंगात काही टोचायचं नाही. मंगळवार देवीचा. बुधवार आणि शुक्रवार मासळीचे.

"आनि रविवारी भूक नसंल, तं तो रविवार कसला?"

"मावशी, भूक कमी व्हावी म्हणूनच तर घ्यायचंय."

"व्हावी ना. पन बाकीच्या वारांना व्हावी."

हा मुद्दा त्यांनी डॉक्टरांपुढेही मांडला. डॉक्टर हसून म्हणाले, "औषध रविवारची सुट्टी घेत नाही, मावशी." शेवटी गुरुवार ठरला. शुक्रवार-शनिवार अंगावर काढायचे, रविवारपर्यंत पोट ताळ्यावर येईल, असा त्यांचा हिशेब.

एका घावात सुरमईचं डोकं उडवणारी ही बाई सुई पाहताच माझ्या कपाटाची मूठ धरून उभी राहायची. मी कापसाने पोट पुसायला लागले की विचारायची, "झाला?" सुई टोचून निघाली की म्हणायची, "टोच ना आता!" झालंय हे पटवायला मला रिकामी सुई दाखवावी लागे. मग त्या देवीला हात जोडत आणि मला सांगत, "कोनाला बोलू नको. हाताखालच्या पोरी चुलीवर माजं ऐकनार नाय."

डोस वाढला त्याच आठवड्यात, शुक्रवारी, जासईला हळद होती. नवरी माझी विद्यार्थिनी, म्हणून मीही गेले होते. वाटणाची परात टोपात रिकामी झाली आणि मावशींचा चेहरा उतरला. पदर नाकाला लावून त्या चुलीपासून लांब गेल्या. मी मागोमाग. लिंबाची फोड हुंगत त्या पाण्याच्या पिंपावर बसल्या होत्या.

"बाय, मना वासच सोसत नाय," त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक की क्षणभर दुसरंच कोणी बोलल्यासारखं वाटलं. "चव कशी घेऊ? दोनशे मानूस जेवाला बसनार."

चुलीपाशी त्यांची सून संगीता लसूण सोलत होती. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि सातही वर्षं ती लसूणच सोलत होती. डावाला हात लावायची तिला मुभा नव्हती. मावशींनी तिला हाक मारली. "जा. हातावर घे न् सांग."

संगीताने आधी सासूकडे, मग माझ्याकडे पाहिलं. गेली, तळहातावर थेंब घेतले, डोळे मिटले. परत आली.

"मीठ बरोबर हाय, आई. पन मसाला कच्चा लागतो. नि खोबरं जरा जास्त पडलंय."

मावशी लिंबाकडे बघत राहिल्या. खोबरं त्यांनी स्वतः मोजून दिलं होतं.

"मंग काय करशील?"

"गरम पानी घालून उकळते. वरतून थोडं तिखट."

"जा, कर," मावशी म्हणाल्या, आणि ती चार पावलं गेल्यावर ओरडल्या, "गरमच घाल! थंड नको!"

"गरमच बोलले ना, आई!"

जेवणं उठली. माणसं येऊन मावशींना हात जोडत होती, अशी चव दुसऱ्या कोणाच्या हाताला नाही म्हणत होती. मावशी "हां, हां" करत होत्या. खरी गोष्ट सांगितली नाही. पण परतीच्या रिक्षात खाडीचा वारा लागल्यावर माझ्या कानाशी म्हणाल्या, "पोरीची जीभ चांगली हाय." थोड्या वेळाने जोडलं, "माज्यावानी नाय. पन चांगली."

पुढच्या भेटीत त्यांनी डॉक्टरांना सगळं सांगितलं. मळमळीवर थोडं थोडं, कमी तेलाचं खा, असं ते म्हणाले. वार बदलायला हरकत नाही, पण दोन सुयांच्या मध्ये किमान तीन दिवस जाऊ द्या. मावशींनी रविवार निवडला, दुपारच्या जेवणानंतरचा. सोमवार-मंगळवारी मळमळलं तरी घरात उपास आणि देवी होतीच. आणि सोम-मंगळवारी हळद निघाली तर?

"संगी जाईल," त्या म्हणाल्या, जणू हे पहिल्यापासून ठरलेलंच होतं.

वर्षभरात सोळा किलो उतरले. जुन्या चोळ्या संगीताने दोन्ही बाजूंनी आत घेतल्या. मग मुलाने चिरनेरजवळ घर बांधलं आणि कुटुंब तिकडे गेलं. टेम्पो भरल्यावर मावशी वर आल्या, माझ्या फ्रिजातून आपली इंजेक्शनची पेनं काढून घेतली आणि त्या जागी ताज्या जवळ्याचा डबा ठेवला. आठवडाभर माझ्या दह्याला वास येत होता.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. भाचीच्या हळदीला जाऊन आल्या होत्या.

"पंगतीला बसले गो!" त्या म्हणाल्या. "चाळीस वर्सं रांधतंय, आमचं जेवान नेहमी शेवटी, टोपाच्या बुडाचं. ह्या वेळेला पाटावर बसले, लोकांनी वाढलं. अर्धी भाकर नि चार फोडी, बस. पोट भरलं."

"कसं झालं होतं जेवण?"

पलीकडून जीभ टाळूला लागल्याचा आवाज आला. मावशी चव आठवत असाव्यात.

"बाजूच्या बाईने पन तेच इचारलं," त्या म्हणाल्या. "बोलली, ह्या मटनाला कोनाचा हात लागलाय? मी बोल्ले, माज्या सुनेचा."