मोठ्यानं वाचा

“मोठ्यानं वाचा,” म्हणत डॉक्टर औषधाची कुपी पेशंटच्याच हातात द्यायच्या आणि चष्मा कपाळावर सरकवून ऐकत बसायच्या.

बर्मिंगहॅममध्ये त्यांचं क्लिनिक माझ्या औषधाच्या दुकानाला लागूनच. मूळच्या नागपूरच्या, हार्मोन्सच्या डॉक्टर. वजनासाठी, स्नायूंसाठी लोक पेप्टाइडची इंजेक्शनं मागायला येत आणि बहुतेक जण नकार घेऊन परत जात. नकार देणाऱ्या डॉक्टरांना लोक घाबरट म्हणतात, ते तुम्हीही ऐकलं असेल.

पण एका बाईंना परवाना असलेलं कुठलंच औषध लागू पडेना. तेव्हा डॉक्टरांनी त्यांना धोके नीट समजावले, संमती घेतली आणि परवाना नसलेलं पेप्टाइड स्वतःच्या सहीवर लिहून दिलं. मला म्हणाल्या, “चांगल्या, तपासणी होणाऱ्या कारखान्यातूनच मागव. कायदा अडवत नाही गं. फक्त काही झालं, तर उत्तर मी द्यायचं.”

मग आयटीतला एक पुण्याचा मुलगा आला. खांदा दुखावलेला, क्रिकेटचा सीझन तोंडावर. नेटवरच्या कुपीचा फोटो त्यानं दाखवला. त्यालाही डॉक्टरांनी लेबल वाचायला लावलं. ‘फक्त संशोधनासाठी. माणसांसाठी नाही.’

“मग तू कोण रे?” डॉक्टरांनी विचारलं. दोघंही हसले. दुकानात येऊन त्यानंच मला हे सांगितलं.

तरी त्यानं ती मागवली. कुपी दूषित होती. रक्तात जंतुसंसर्ग झाला आणि तो गेला.

त्याची आई आली, तेव्हा डॉक्टर त्यांना माझ्या दुकानामागच्या खोलीत घेऊन आल्या. आईंनी विचारलं, “तुम्ही लिहून दिलं असतं, तर वाचला असता का हो?”

“ते लिहून देण्यासारखं औषधच नव्हतं.” डॉक्टर म्हणाल्या, “पण मी हसायला नको होतं.”

त्यानंतर त्यांनी कुणाला वाचायला लावलं नाही. स्वतःच पुटपुटत वाचायच्या आणि मध्येच थांबून दाराकडे बघायच्या, कुणी आत येत असल्यासारख्या.

या हिवाळ्यात त्या झोपेतच गेल्या. काही दिवसांनी दुकानात पुण्याहून फोन आला. त्या मुलाची आई.

“डॉक्टरांचा रविवारी फोन आला नाही. बऱ्या आहेत ना?”

हे फोन मला ठाऊकच नव्हते. दर रविवारी डॉक्टर त्यांना फोन करायच्या. त्या एकमेव भेटीत तो कसा बसला, काय बोलला, कसा हसला, ते आई पुन्हा पुन्हा विचारायच्या आणि डॉक्टर पुन्हा पुन्हा सांगायच्या.

मी त्यांना बातमी सांगितली.

“तुमच्याही दुकानात आला होता ना तो?” त्यांनी हळूच विचारलं. “काय म्हणाला होता?”